एकाच काचेला दोन कायदे: डीजीटीआर आणि स्पर्धा आयोगाला खुले पत्र

प्रति,
महासंचालक, व्यापार उपाय महासंचालनालय (डीजीटीआर), वाणिज्य मंत्रालय, नवी दिल्ली
आणि
अध्यक्ष, भारतीय स्पर्धा आयोग, नवी दिल्ली

विषय: अँटी-डंपिंग शुल्काची शिफारस करण्याआधी स्पर्धा आयोगाचे मत घेण्याबाबत

महोदय,

हे पत्र मी दोन कार्यालयांना एकत्र लिहितो आहे. माझ्या धंद्याचा कच्चा माल परदेशातून किती स्वस्त येऊ द्यायचा, हे एक कार्यालय बघते. तोच माल देशात विकणाऱ्यांनी बाजार मुठीत धरू नये, हे दुसरे बघते. दोन्ही कायदे संसदेने केले आहेत आणि माल एकच आहे. तरीही परदेशी माल गैर स्वस्तात येतो म्हणून त्यावर जादा शुल्क, म्हणजे अँटी-डंपिंग शुल्क, लावण्याचा विचार सुरू होतो तेव्हा पहिले कार्यालय दुसऱ्याला विचारत नाही आणि दुसरे आपणहून बोलत नाही. त्यांनी एकमेकांशी बोलावे, हीच माझी मागणी आहे. ती का करतो आहे, ते जरा सविस्तर लिहितो.

रबाळे एमआयडीसीत माझे टफन्ड काचेचे छोटे युनिट आहे. सपाट फ्लोट काच विकत घ्यायची, मापात कापायची, कडा घासायच्या, भोके पाडायची आणि मग भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटक्यात गार करायची, हे आमचे काम. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांच्या गॅलरीचे कठडे, खारघरच्या फ्लॅटमधली बाथरूमची पार्टिशने, ऐरोली-महाप्यातल्या ऑफिसांची दारे अशी कामे आमच्यासारख्या कारखान्यांतून होतात. वीज, पगार, भाडे, टेम्पो आणि फुटतूट असे सगळे धरले तरी आमच्या हिशोबात सगळ्यात मोठा आकडा फ्लोट काचेचाच असतो. ती काच देशात बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच आहेत. त्यातला एक कारखाना आमच्या शेजारी तळोज्याला, नव्वदच्या दशकात उभा राहिलेला. दुसरा रस्ता न्हावा-शेव्याचा, म्हणजे कंटेनरमधून येणाऱ्या आयात काचेचा.

मी आयात काच कायम घेतो असे नाही. बरेचदा देशीच घेतो, कारण ती हव्या त्या मापात मिळते, लवकर येते आणि तक्रार असली तर माणूस समोर असतो. पण आयातीचा रस्ता उघडा असला की देशी काचेचा भावही ताळ्यावर राहतो. तो बंद झाला की काय होते, हे ठाणे-बेलापूर पट्ट्यातला कोणताही काचवाला सांगेल. संध्याकाळी डीलरचा मेसेज येतो की उद्यापासून नवा रेट. दुसऱ्या डीलरला फोन करावा तर त्याच्याकडेही नवा रेट, जवळपास तेवढाच. कोणी संगनमत केले, असा आरोप मी करत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. विकणारे मोजके असले की ठरवून न ठरवताही भाव एका ओळीत चालतात, हे स्पर्धा आयोगाला मी सांगायची गरज नाही. ती ओळ मोडण्याची ताकद बाहेरून येणाऱ्या मालात असते आणि अँटी-डंपिंग शुल्क नेमके त्याच मालावर बसते.

फ्लोट काचेवर हे शुल्क काही एकदाच आलेले नाही. आधी चीन आणि इंडोनेशिया झाले. २०१४ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि पाकिस्तान. मग इराण, पुढे मलेशिया. एका देशाची वाट बंद झाली की व्यापारी दुसरा देश शोधतात आणि काही वर्षांनी त्या देशाचीही चौकशी सुरू होते. प्रत्येक चौकशी आपापल्या जागी नियमाला धरून झाली असेल. एकत्र पाहिले तर मात्र चित्र असे दिसते की जो निर्यातदार देश बाजारात खरोखर चुरस आणू लागतो, तोच पुढच्या यादीत जातो.

भाव 'गैर' कधी होतो, याचे उत्तर तुमचे दोन कायदे वेगवेगळे देतात. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे.

स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ४ प्रमाणे कमी भावाला विकणे हा गुन्हा ठरायला बऱ्याच अटी आहेत. विकणारा बाजारात वर्चस्व असलेला हवा. भाव खर्चाच्या खाली हवा, आणि हा खर्च म्हणजे सर्वसाधारणपणे सरासरी बदलता खर्च, अर्थात माल बनवला नसता तर जो वाचला असता तो. शिवाय स्पर्धा कमी करण्याचा किंवा स्पर्धकाला बाजारातून घालवण्याचा हेतू हवा. इतक्या अटी ठेवण्यामागे शहाणपण आहे. भाव कमी करणे हेच तर स्पर्धेचे काम, आणि कायद्याने त्यालाच धाक घातला तर स्वस्त विकायला कोणी धजणार नाही.

अँटी-डंपिंगचा कायदा म्हणजे १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमाचे कलम ९अ आणि त्याखालचे १९९५ चे नियम. तिथे वर्चस्व लागत नाही, हेतू लागत नाही, उद्या मक्तेदारी होईल अशी भीतीही दाखवावी लागत नाही. परदेशी उत्पादक त्याच्या घरच्या बाजारात ज्या भावाने विकतो त्यापेक्षा इथे कमी भावाने विकत असेल तर ते डंपिंग. घरचा भाव वापरण्याजोगा नसेल तर त्याचा उत्पादन खर्च घ्यायचा, त्यात कार्यालयीन खर्च मिळवायचा, वर वाजवी नफा धरायचा आणि त्या बेरजेशी तुलना करायची. तुलनेसाठी धरलेल्या या भावाला 'सामान्य मूल्य' म्हणतात. घरच्या बाजारात तो बराच काळ पूर्ण खर्चाच्या खाली विकत असेल तर त्या विक्रीचे आकडे बाजूला ठेवण्याचीही मुभा आहे. यानंतर देशी उद्योगाला हानी झाली आणि ती या आयातीमुळे झाली, एवढे दाखवले की शुल्क लागू शकते.

हा फरक फ्लोट काचेत किती मोठा होतो ते पाहा. फ्लोटची भट्टी पेटवली की दहा-पंधरा वर्षे विझवता येत नाही. वितळलेली काच कथिलाच्या कुंडावरून रात्रंदिवस वाहत असते, दिवाळी असो की बाजारात मंदी. भट्टी थंड केली तर आतली विटांची बांधणी नव्याने करावी लागते. म्हणून मागणी पडली तरी उत्पादन थांबत नाही आणि माल मिळेल त्या भावाला काढावा लागतो. समजा एका टनामागे बदलता खर्च सत्तर रुपये आणि स्थिर खर्च तीस रुपये आहे (आकडे केवळ समजण्यासाठी). मंदीत कारखाना पंच्याऐंशीला विकेल, कारण सत्तर सुटून वर पंधरा रुपये तरी स्थिर खर्चाकडे जातात. देशी कारखान्याने हे केले तर स्पर्धा कायद्याला त्यात काही वावगे दिसणार नाही, आणि ते बरोबरच आहे. आखातातल्या कारखान्याने हेच केले तर त्याच्या मालाचे 'सामान्य मूल्य' शंभर अधिक नफा असे धरले जाईल आणि पंच्याऐंशीचा भाव डंपिंग ठरेल. भट्टी सारखीच, मंदी सारखीच आणि भावही सारखाच. माल सीमा ओलांडून आला, एवढाच काय तो फरक.

याला जे उत्तर दिले जाते ते मला माहीत आहे आणि ते पोकळ नाही. परदेशी उत्पादकाचा घरचा बाजार बंद असेल, तिथे त्याला चढा भाव मिळत असेल किंवा त्याचे सरकार त्याला वीज, जमीन आणि कर्ज फुकटात देत असेल, तर तो इथे वर्षानुवर्षे तोटा सोसून देशी कारखाने बंद पाडू शकतो. आपला स्पर्धा आयोग त्याच्या देशातल्या बंद दारांचे काही करू शकत नाही. चीनमध्ये कितीतरी मालाची उत्पादनक्षमता गरजेपेक्षा फार जास्त झाली आहे आणि त्यामागे सरकारी पैसा आहे, हे कोणीही नाकारणार नाही. तळोज्याचा किंवा गुजरातेतला फ्लोट कारखाना बंद पडला तर मीही उद्या एकट्या परदेशी पुरवठादाराच्या हातात जाईन. म्हणून अँटी-डंपिंग कायदा रद्द करा, असे मी म्हणत नाही. ज्या प्रकरणात खरोखर असा धोका आहे ते प्रकरण, आणि ज्यात देशी मोजक्या उत्पादकांना फक्त स्पर्धा नको आहे ते प्रकरण, या दोहोंत फरक करण्याची सोय आज चौकशीत नाही. ती सोय स्पर्धा आयोगाकडे आहे.

हानी मोजण्याची पद्धतही बोलली पाहिजे. भारतात डंपिंगचे अंतर (सामान्य मूल्य आणि इथे विकण्याचा भाव यांतला फरक) आणि हानीचे अंतर (देशी उद्योगाला हानी होणार नाही असा भाव आणि आयात मालाचा भाव यांतला फरक) यांतले जे कमी असेल तेवढेच शुल्क लावतात. ही पद्धत चांगली आहे, जागतिक व्यापार संघटनेचा करारही तिला इष्ट म्हणतो, आणि अमेरिका ती पाळत नाही. पण हानीचे अंतर काढताना देशी उद्योगाचा 'हानी न करणारा भाव' बांधला जातो, आणि त्यात गुंतवलेल्या भांडवलावर करपूर्व २२ टक्के परतावा धरण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली आहे. ठाणे जिल्ह्यातल्या एकाही लघुउद्योजकाला दरसाल भांडवलावर २२ टक्क्यांची हमी कोणी देत नाही. मोजक्या उत्पादकांच्या बाजारात हा आकडा धरला की शुल्क आयातीला त्या पातळीपर्यंत वर उचलते आणि देशी भावाला तिथपर्यंत चढायला जागा मिळते. उत्पादक जास्त असते तर त्यांच्यातल्या चुरशीने ती जागा भरून काढली असती. ते मोजके असले तर ती कोण भरणार? हा प्रश्न स्पर्धा आयोगाच्या अभ्यासाचा आहे आणि तो डीजीटीआरच्या फाइलमध्ये कुठे विचारलेला मला दिसत नाही.

खरे तर तो विचारायला नियमांत आधीपासून जागा आहे. १९९५ च्या नियमांच्या दुसऱ्या परिशिष्टात, हानी दुसऱ्या कशामुळे झाली का हे तपासताना, परदेशी आणि देशी उत्पादकांच्या स्पर्धारोधक व्यापारी प्रथा आणि त्यांच्यातली स्पर्धा हे घटक पाहायला सांगितले आहे. जागतिक करारातही हेच शब्द आहेत. पण अंतिम निष्कर्षांत या मुद्द्यावर बहुतेक वेळा एक-दोन ओळी सापडतात: असा काही पुरावा समोर आलेला नाही. पुरावा समोर आणायचा कोणी? माझ्यासारख्याने? उत्पादकांचे खर्चाचे आकडे गोपनीय, सार्वजनिक प्रतीत त्यांच्या जागी फुल्या. सुनावणी दिल्लीत, आणि त्यांच्या बाजूला या कामात मुरलेले वकील. नियमाने औद्योगिक वापरकर्त्यांना आणि ग्राहक संघटनांना म्हणणे मांडायची संधी दिली आहे, ती कागदावर आहेही. भट्टी सोडून दिल्लीला जाणारा लघुउद्योजक मात्र दुर्मिळ.

ही भीती फक्त माझ्या मनातली नाही, हे दाखवायला भिवंडीपर्यंत जावे लागेल. भिवंडीच्या यंत्रमागांवर व्हिस्कोसचे सूत चढते. ते सूत गिरण्या व्हिस्कोस तंतूपासून कातत असतात आणि देशात हा तंतू बनवणारी कंपनी मुख्यतः एकच होती: ग्रासिम. चीन आणि इंडोनेशियातून येणाऱ्या तंतूवर २०१० पासून अँटी-डंपिंग शुल्क होते आणि २०१६ मध्ये ते पुढे चालू ठेवले गेले. त्याच तंतूच्या बाजाराबद्दल स्पर्धा आयोगाने मार्च २०२० मध्ये आदेश दिला: कंपनीने वर्चस्वाचा गैरवापर केला, वेगवेगळ्या गिरण्यांकडून एकाच मालाचे वेगवेगळे भाव घेतले, त्या मालाचे पुढे काय करतात याची माहिती त्यांच्याकडून मागितली. दंड ३०१.६१ कोटी रुपये. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले, तो तिचा हक्कच आहे, आणि त्या अपिलावर मी इथे काही बोलत नाही.

मला बोलायचे आहे ते तारखांवर. आयोगाने आदेश दिला त्या दिवशी आयातीवरचे शुल्क चालूच होते. ते उठले ऑगस्ट २०२१ मध्ये. म्हणजे जवळपास दीड वर्ष सरकारचे एक अंग सांगत होते की या कंपनीने आपल्या वर्चस्वाने गिरण्यांना त्रास दिला, आणि दुसरे अंग त्याच गिरण्यांनी बाहेरून माल आणू नये म्हणून आयात महाग ठेवत होते. वर्चस्व हवेत तयार होत नाही. गिरणीमालकाला दुसरीकडे जाता येत नव्हते म्हणूनच त्याला ते भाव मान्य करावे लागले, आणि दुसरीकडचा रस्ता महाग करणाऱ्या कारणांत ते शुल्क होतेच. दंड भरून किंवा माफ होऊन तो रस्ता मोकळा होत नाही. या दीड वर्षात दोन्ही कार्यालयांत एक पत्र जरी इकडून तिकडे गेले असते, तरी शुल्काचा फेरविचार लवकर सुरू होऊ शकला असता. त्याचा सगळा भार गिरण्यांनी आणि त्यांच्यामागे मागवाल्यांनी सोसला. भिवंडीत वर्षानुवर्षे माग भंगारात जात आहेत. त्याला वीजदरापासून फॅशनपर्यंत शंभर कारणे आहेत. सुताच्या भावातला हा एक वाटा मात्र धोरणाने टाळता आला असता.

सरकारला हे कळत नाही असे नाही. १ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पीटीएवरचे अँटी-डंपिंग शुल्क सार्वजनिक हितासाठी रद्द केले. पॉलिस्टर धाग्याचा तो मूळ कच्चा माल आहे आणि तोही मोजक्या कंपन्याच बनवतात. नंतरच्या काळात डीजीटीआरने शिफारस करूनही अर्थ मंत्रालयाने शुल्क न लावल्याची उदाहरणे वाढली. मला त्यात समाधान वाटते तसे अस्वस्थही वाटते. शिफारस मानली का, नाकारली का, याची कारणे बाहेर येत नाहीत. एका प्रकरणात वापरकर्ते वाचतात, दुसऱ्यात उत्पादक, आणि नेमके कोणते मोजमाप लावले ते दोघांनाही कळत नाही. हे मोजमाप उघड, लेखी आणि चौकशीच्या आत असायला हवे.

काचेच्या बाजारात संगनमताची शंका घेणे अतिरेकी आहे, असे कोणाला वाटत असेल तर युरोपचा दाखला देतो. नोव्हेंबर २००७ मध्ये युरोपियन कमिशनने इमारतींच्या सपाट काचेचे भाव संगनमताने वाढवल्याबद्दल असाही, गार्डियन, पिल्किंग्टन आणि सेंट-गोबेन या चार समूहांना मिळून ४८ कोटी ६९ लाख युरोंचा दंड केला. भारतातल्या कारखान्यांबद्दल यातून काही सिद्ध होत नाही, आणि मी तसे सुचवतही नाही. एवढेच दिसते की मोजके उत्पादक, सारखा माल आणि जड वाहतूक असलेल्या बाजारात धोका खरा असतो. अशा बाजारात आयात ही स्पर्धेची पहारेकरी असते. तिला हटवायचे तर स्पर्धेची रखवाली करणाऱ्या आयोगाला आधी विचारायला नको का?

या दोन कायद्यांचा सांधा आपल्याकडे एकदा न्यायालयातही आला होता आणि योगायोग असा की तो फ्लोट काचेवरूनच. इंडोनेशियाहून स्वस्त काच येते म्हणून देशी उत्पादकांची संघटना त्या वेळच्या एमआरटीपी आयोगाकडे (मक्तेदारी रोखणारा, स्पर्धा आयोगाच्या आधीचा आयोग) गेली आणि आयोगाने आयात रोखली. सोबत सोडा अ‍ॅशचे प्रकरण होते: अमेरिकेतल्या उत्पादकांनी निर्यातीसाठी एकत्र येऊन केलेल्या 'अन्सॅक' या संघाविरुद्धचे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आयात थांबवणे हे एमआरटीपी आयोगाचे काम नाही, स्वस्त आयातीचा उपाय अँटी-डंपिंग कायद्यात आहे, आणि भारतात परिणाम करणारी स्पर्धारोधक प्रथा असेल तर तिच्याकडे आयोग पाहू शकतो. क्षेत्रे वेगळी, हे न्यायालयाने बरोबरच सांगितले. पण क्षेत्रे वेगळी आहेत म्हणून शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलूच नये, असे न्यायालय म्हणाले नव्हते. त्याच वर्षी नवा स्पर्धा कायदा झाला, त्याचे मुख्य भाग २००९ पासून लागू झाले आणि आज आयोगाकडे तेव्हाच्या एमआरटीपी आयोगापेक्षा कितीतरी जास्त अधिकार व अभ्यास आहे.

मुक्त व्यापार करारांमुळे हा प्रश्न आता पुढे ढकलता येणार नाही. ज्या अमिरातीच्या काचेवर २०१४ मध्ये शुल्क बसले, त्याच अमिरातीशी मे २०२२ पासून आपला व्यापक करार लागू आहे. ऑस्ट्रेलियाशी डिसेंबर २०२२ पासून, आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन या एफ्टा देशांशी ऑक्टोबर २०२५ पासून. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये सही झाली. सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने उतरेल, पण अँटी-डंपिंगचा हक्क आपल्या करारांत राखलेला असतो. म्हणजे एका हाताने दर उतरवायचा आणि उतरलेल्या दराने माल येऊन चुरस सुरू झाली की दुसऱ्या हाताने तोच दर, वेगळ्या नावाने, एकेका मालावर चढवायचा. करारावर सही करताना टीव्हीवर सांगितलेला फायदा माझ्या रबाळ्याच्या दारापर्यंत पोचेल की नाही, हे मग चौकशीच्या अर्जावर ठरते.

जगात याला दुसरा मार्ग काढून झाला आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी १९८३ च्या आपल्या करारात १ जुलै १९९० पासून एकमेकांवर अँटी-डंपिंग लावणे बंद केले. त्याऐवजी बाजारातल्या ताकदीच्या गैरवापराचा स्पर्धा कायदा दोन्ही देशांनी समुद्रापलीकडच्या कंपन्यांनाही लागू केला. युरोपीय महासंघातले देश एकमेकांवर हे शुल्क लावत नाहीत, आणि नॉर्वेसारख्या शेजाऱ्यांच्या औद्योगिक मालालाही त्यांनी तीच सवलत दिली. (माशांना नाही दिली, म्हणून नॉर्वेच्या साल्मनवर शुल्क लागले. जिथे सूट नव्हती तिथे लगेच काय झाले, हे लक्षात घ्यावे.) कॅनडा आणि चिलीने १९९७ च्या करारात एकमेकांना सूट दिली. ज्या एफ्टा देशांशी आपण करार केला, त्यांनी सिंगापूरशी केलेल्या करारात अँटी-डंपिंग न लावण्याचे मान्य केले होते.

आपण उद्या सकाळी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड होऊ, असे मला वाटत नाही. त्या दोन देशांचे कायदे, न्यायालये आणि बाजार आधीच एकमेकांत मिसळलेले होते. चीनशी असे काही करणे आज शहाणपणाचे नाही आणि आसियानशी सुद्धा अवघड आहे. जागतिक पातळीवर व्यापार आणि स्पर्धा यांचे नाते ठरवायला १९९६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या सिंगापूरच्या परिषदेत कार्यगट नेमला गेला, कॅनकुनची परिषद २००३ मध्ये मोडली आणि २००४ मध्ये हा विषय वाटाघाटींतून काढला गेला. त्याला विरोध करणाऱ्यांत भारत पुढे होता. श्रीमंत देश स्पर्धेच्या नावाखाली आपल्या कंपन्यांना दारे उघडून घेतील, ही तेव्हाची धास्ती समजण्यासारखी होती, कारण आपला स्वतःचा आयोगही अजून उभा राहिला नव्हता. आज तो उभा आहे. दुसऱ्या देशाशी बोलण्याआधी आपल्या दोन कार्यालयांत बोलणे सुरू करायला कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत आणि बहुतेकांना नवा कायदाही लागत नाही.

डीजीटीआरने चौकशी सुरू करतानाच त्या मालाच्या देशी बाजाराची रचना स्पर्धा आयोगाला कळवावी आणि लेखी मत मागावे. उत्पादक किती, त्यांचा वाटा किती, भाव कसे चालतात, आयात बंद झाली तर खरेदीदाराला कुठे जाता येईल, एवढेच प्रश्न पुरेत. स्पर्धा कायद्याच्या कलम २१ खाली एखादे वैधानिक प्राधिकरण आयोगाकडे मुद्दा पाठवू शकते, आयोगाने साठ दिवसांत मत द्यायचे असते आणि प्राधिकरणाने त्यावर कारणे नोंदवून निर्णय द्यायचा असतो. कलम २१अ खाली आयोगही प्राधिकरणांचे मत मागू शकतो. अशा प्रकरणाला कलम २१ लागू होईल का, यावर वकील वाद घालतील. घालू देत. कलम ४९ खाली केंद्र सरकार धोरणाच्या कोणत्याही प्रश्नावर आयोगाचे मत मागू शकते आणि त्यालाही साठ दिवसांचीच मुदत आहे. चौकशी वर्षभर चालते, त्यात साठ दिवस सहज बसतात. मत बंधनकारक नसले तरी चालेल. ते अंतिम निष्कर्षात जसेच्या तसे छापावे आणि ते मानले नाही तर का, ते लिहावे.

ज्या मालाच्या देशी उत्पादकाविरुद्ध आयोगाने कलम ३ (संगनमत) किंवा ४ (वर्चस्वाचा गैरवापर) खाली आदेश दिला असेल, त्या मालावरच्या चालू शुल्काचा फेरविचार डीजीटीआरने आपणहून लगेच सुरू करावा. कोणी अर्ज करण्याची वाट पाहू नये. नियमांत स्वतःहून फेरविचाराची तरतूद आहे. भिवंडीला सूत पुरवणाऱ्या गिरण्यांच्या वाट्याला आलेले दीड वर्ष आणखी कोणाच्या वाट्याला येऊ नये.

२२ टक्क्यांच्या परताव्याची रीत बाजाराच्या रचनेशी जोडावी. उत्पादक मोजके असतील तिथे तो कमी धरावा. हे स्पर्धा आयोगाच्या अर्थतज्ज्ञांनी डीजीटीआरबरोबर बसून ठरवावे, आम्ही काचवाल्यांनी नव्हे.

आणि ज्या देशांशी मुक्त व्यापार करार झाले आहेत, त्यांच्या बाबतीत शुल्क लावण्याआधी परदेशी उत्पादकाकडून भावाचे हमीपत्र (ठरल्या भावाखाली इथे विकणार नाही, असे लेखी) घेण्याचा पर्याय खरोखर वापरावा, आणि देशी उत्पादकांना पाच वर्षांनंतर मुदतवाढ देताना बाजारात नवा उत्पादक आला का, हेही तपासावे. संरक्षणाच्या काळात एकही नवा कारखाना उभा राहिला नसेल तर ते संरक्षण कोणासाठी होते, हे लेखी सांगावे. पुढे एखाद्या जवळच्या देशाशी स्पर्धा कायद्याच्या सहकार्याचा करार करून अँटी-डंपिंग हळूहळू मागे घेण्याचा प्रयोग करावा. सिंगापूरपासून सुरुवात करायला हरकत नाही.

स्पर्धा आयोगालाही एक विनंती. कायद्याने तुमच्यावर स्पर्धेचा प्रचार करण्याची जबाबदारी टाकली आहे. अँटी-डंपिंगची प्रत्येक नवी चौकशी राजपत्रात जाहीर होते. त्यावर तुमचे मत कोणी मागितले नाही तरी ते द्या. तुमचे म्हणणे सार्वजनिक फाइलमध्ये असले, तर दिल्लीच्या सुनावणीला पोचू न शकणाऱ्या रबाळे, वागळे इस्टेट, अंबरनाथ आणि भिवंडीतल्या कारखान्यांची बाजू कोणीतरी अभ्यासाने मांडलेली असेल.

फ्लोट काचेची पुढची चौकशी कधीतरी सुरू होईलच. तेव्हा आमची खरेदीची बिले, दर वाढल्याचे मेसेज आणि न मिळालेल्या मालाच्या ऑर्डरी, जे काही लागेल ते दोन्ही कार्यालयांना द्यायला आम्ही या पट्ट्यातले टफनिंगवाले तयार आहोत. ते कोणत्या नमुन्यात आणि कोणाकडे पाठवायचे, एवढे कळवावे.

आपला,
टफन्ड काचेचा एक लघुउद्योजक
रबाळे, नवी मुंबई

प्रत माहितीसाठी: महसूल विभाग, अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली